पाच नंबरचा सांधा

मंगळवार, २३ एप्रिल. सकाळी अकरा. जागा: हट्ट्याच्या पुढच्या एका गावातली महिला बचत गटाची हळद शिजवण्याची शेड. हजर: गटाच्या अध्यक्षा कौसाबाई, गटातल्या आणखी नऊ जणी, आमच्या हिंगोलीच्या वर्कशॉपतर्फे माझे यजमान आणि मी, आणि आमचे वेल्डर सुखदेव पाईकराव.

एवढं मी तिथेच उभ्याने वहीत लिहिलं आणि एवढं बरोबर आहे. फक्त क्रम चुकला. पाईकराव मिस्त्रींचं नाव मी शेवटी लिहिलं, पण प्रत्यक्षात ते सगळ्यांच्या आधी पोहोचले होते. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा ते स्टीलच्या ड्रमपुढे उकिडवे बसून ओल्या फडक्याने एक सांधा पुसत होते. फडकं तांबूस व्हायचं, सांधा तसाच राहायचा. आम्हाला पाहून ते उठले, फडक्याची घडी करून खिशात ठेवली आणि बाजूला झाले.

त्या पानावर खाली आणखी काही ओळी आहेत. त्यांतली एक खोटी आहे. ती सांगण्याआधी हे मिस्त्री कोण होते ते सांगायला हवं. कारण हट्ट्याच्या त्या बाजूला आज लोक त्यांना हलक्या हाताचा, बेपर्वा वेल्डर समजतात, आणि तो समज माझ्यामुळे झालेला आहे.

त्या सकाळच्या बारा वर्षं आधी ते आमच्याकडे काम मागायला आले. तेव्हा आम्ही गेट, ट्रॉल्या, धान्याच्या कोठ्या करायचो, सगळं लोखंडाचं. मिस्त्री मूळ पुसेगावचे, पण पुण्याकडे दुधाच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं राहिलेले. मी विचारलं, सर्टिफिकेट काही आहे का. त्यांनी पिशवीतून स्टीलचे सहा तुकडे काढले, प्रत्येकावर बोटभर वेल्डिंग. मग एक परात, तांब्याभर पाणी आणि मूठभर मीठ मागितलं. तुकडे परातीत मांडले, मिठाचं पाणी ओतलं आणि म्हणाले, “मी परवा येतो, ताई. तवर कोनाला हात लावू देऊ नका.”

परवा दिवशी चार तुकडे जसेच्या तसे होते आणि दोनांवर गंज आला होता. मला वाटलं, या माणसाला सहातली चारच वेल्डिंग जमतात, आणि तेच दाखवायला हा आला आहे. तसं मी जरा ऐकवलंही. ते हसले नाहीत.

“हात एकच हाये, ताई,” ते म्हणाले. “पांघरूण येगळं.”

पांघरूण म्हणजे गॅस. वितळलेल्या धातूला हवा लागली की तो बिघडतो, म्हणून मिग वेल्डिंगमध्ये वायरीबरोबर टॉर्चमधून गॅस सोडतात आणि त्याच्या आडोशाला सांधा जमतो. इतकं मला माहीत होतं. पण गॅसमध्येही निवड असते आणि ती सांध्याचं आयुष्य ठरवते, हे मला त्या परातीने शिकवलं. लोखंडासाठी आमच्याकडे जो सिलिंडर असायचा त्यात शंभरात ऐंशी भाग अर्गन आणि वीस भाग कार्बन डायऑक्साइड. लोखंडाला तो झकास. स्टेनलेस स्टीलला मात्र ते वीस भाग फार होतात. त्यातला कार्बन सांध्यात उतरतो, आणि ज्या गुणासाठी आपण स्टेनलेस घेतो तो, म्हणजे न गंजण्याचा गुणच मारतो. स्टीलला दोन भाग पुरतात. मिस्त्रींच्या भाषेत, “स्टीलचं पोट नाजूक असतं. त्याला कार्बन चारू नाही.” मग नुसता शुद्ध अर्गनच का नको, असं मी विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, “मंग रस पसरत न्हाई. ढिगूळ बसून राहतं. जरा चव लागतीच.”

त्यांच्या येण्याने आम्ही स्टीलच्या कामाला लागलो. दोन टक्केवाला सिलिंडर नांदेडहून मागवायचा, तो पूर्वेच्या भिंतीला साखळीने बांधायचा. वीस टक्केवाला पश्चिमेच्या भिंतीला. मधून रेघ. ही व्यवस्था माझी. पण सराव करताना रेघ ओलांडून चुकीचा पाइप जोडणाऱ्या पोराला मिस्त्री डोळे मिटून पकडायचे. बाहेर चहा पीत बसलेले असले तरी आवाजावरून सांगायचे. दोन टक्क्याचा आवाज मोहरीच्या फोडणीसारखा, बारीक आणि एकसारखा; वीसवर स्टील मारलं की मध्येच तडतड उडायची. कप खाली ठेवून ते आतल्या माणसाला विचारायचे, “काहून स्टीलचा जीव घेऊन राहिला रे?”

पंख्याशी त्यांचं वैर होतं. वाऱ्याने पांघरूण उडतं. हिंगोलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पंखा बंद ठेवून ते घामाने निथळत काम करायचे. यजमानांना दया आली म्हणून त्यांनी मोठा कूलर आणला. दुसऱ्या दिवशी पाहते तर मिस्त्रींनी त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवून ठेवलेलं आणि समोर गल्लीतलं कुत्रं पाय ताणून झोपलेलं. यजमान चिडले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “साहेब, त्याला बी उन्हाची तकलीफ हायेच की.”

एकदा गॅसच्या कंपनीचा प्रतिनिधी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. तीन गॅसचं मिश्रण, त्यात हेलियम जास्त, स्टीलसाठी याच्यासारखं दुसरं नाही, असं त्याने अर्धा तास सांगितलं. मिस्त्रींनी सगळं ऐकलं. मग त्याचा नमुन्याचा सिलिंडर लावून एक सांधा मारला, दोन टक्क्यावर दुसरा मारला आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात देऊन कोणता कुठला ते ओळखायला सांगितलं. त्याने चुकीचा ओळखला. मला हसू आवरेना. मिस्त्रींनी मात्र त्याची लाज राखली. त्याचा गॅस चांगलाच आहे, रस मऊ पसरतो, आमच्या तीन मिलिमीटरच्या पत्र्याला तेवढी गरज नाही इतकंच, असं सांगून त्याला चहा पाजून पाठवलं. तो गेल्यावर मला म्हणाले, “खोटं न्हाई बोलत व्हता तो. त्यानं फकस्त हातानं काम केलेलं न्हाई.”

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. “लोखंड तोंडावर बोलतं, स्टील चार महिन्यानं बोलतं.” लोखंडाचा सांधा वाईट असेल तर लगेच तडा जातो, गळतो, दिसतो. स्टीलचा वाईट सांधा घासून-पुसून चांगल्यासारखा चमकवता येतो. तो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, ओलावा खाऊन, मग बोलायला लागतो. म्हणून स्टीलच्या कामात कोणी काय केलं ते लिहून ठेवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे माझ्या स्वभावाला इतकं जुळलं की मी त्याचा तक्ताच केला. प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद: सांधा क्रमांक, वायर कोणती, गॅस कोणता, तारीख, कोणी केला. खाली माझी सही. जिल्ह्यात दुसरं कुणी असा कागद देत नव्हतं. हळदीचे स्टीलचे ड्रम आम्हाला त्या कागदामुळे मिळू लागले. ‘कोणी केला’ या रकान्यात बारा वर्षं एकच नाव होतं, आणि ते वाचून दाखवलं की मिस्त्री मान खाली घालून हातमोजे झटकायचे. त्यांना ते फार आवडायचं. मला ते दिसायचं.

कौसाबाईंच्या गटाचा ड्रम त्या वर्षी फेब्रुवारीत केला. त्यांना हळद स्वतःच्या नावाने पाकिटात विकायची होती, म्हणून लोखंडाचा जुना ड्रम मोडीत काढून त्यांनी स्टीलचा सांगितला होता. सहा सांधे. चार झाले आणि पाचव्याच्या सुरुवातीला दोन टक्क्याच्या सिलिंडरचा काटा शून्यावर आला.

नवा सिलिंडर यायला हवा होता. माझ्या कामाच्या यादीत ‘नांदेडला गॅस सांगणे’ यावर बरोबरची खूण होती. फोन लावला तर तिकडचा माणूस म्हणाला, तुमची मागणी आलेलीच नाही. मग मला आठवलं. पाच दिवसांपूर्वी फोन लावला होता, तो लागला नव्हता, आणि नंतर लावूच म्हणून मी आधीच खूण करून टाकली होती. यादी स्वच्छ दिसावी म्हणून काम व्हायच्या आधी खूण करायची ही माझी खोड. आता गाडी तीन दिवसांनी येणार होती. गटाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येणार होता. त्यांची हळद काढून पडली होती.

मी मिस्त्रींना सांगितलं, उरलेले दोन सांधे वीस टक्क्यावर मारा.

त्यांनी हेल्मेट वर केलं. त्यांना वाटलं, मी चुकून बोलले. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, तीन दिवस थांबा, मी स्वतः कौसाबाईंना फोन करतो. मी म्हटलं, शब्द दिलाय. ते म्हणाले, ह्याच्यात रोज वाफ सोडणार, ओलं-कोरडं होणार, हे दोन सांधे टिकायचे नाहीत. मी म्हटलं, वरून स्टील उजळायची पेस्ट लावून साफ करू. “वरून साफ व्हईल, ताई,” ते म्हणाले. “आत गेलेला कार्बन कसा काढनार?”

मग मी जे बोलले ते बारा वर्षांत कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, वर्कशॉप कोणाचं आहे?

त्यांनी टॉर्च खाली ठेवला. मग स्वतः उठून, रेघ ओलांडून, पश्चिमेच्या भिंतीचा पाइप जोडून घेतला. दोन्ही सांधे मारले. तो तडतड आवाज मी ऑफिसात बसून ऐकला. काम संपल्यावर ते दारात आले आणि एवढंच म्हणाले, “कागदावर मात्र वीस लिवा. त्याहिला सांगा, सिझन झाला की ड्रम परत आना, दोन जॉइंट कापून नवे मारून देतो.”

त्यांनी सुचवलेला रस्ता सरळ होता. त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. पण तसं लिहायचं तर वीस का, हे सांगावं लागलं असतं, आणि गॅस संपला होता कारण मी मागवला नव्हता, हेही. मी सहाही सांध्यांपुढे ‘दोन टक्के’ लिहिलं. सहाही सांध्यांपुढे ‘पाईकराव’ लिहिलं. खाली सही केली. सकाळी आठला टेम्पो वेळेवर गेला.

स्टील चार महिने थांबलं नाही. दोन महिन्यांतच बोललं.

तर एप्रिलची ती सकाळ. कौसाबाईंनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यांनी तो काढला आणि गटातच असलेल्या सुनेला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर मला म्हणाल्या, “कागद तुमचा लई चकचकीत हाये, बाई. ड्रम तेवढा गंजला.” बायका हसल्या. मग कौसाबाई ड्रमभोवती फिरल्या आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत गेल्या. चार चांगले, दोन तांबूस. वायर एक, गॅस एक, माणूस एक. मग फरक कशाचा? शाळेत न गेलेल्या त्या बाईने जे विचारलं ते अगदी बरोबर होतं. कागद खरा धरला तर उत्तर एकच निघत होतं, आणि मागून कुणीतरी ते दिलंही: हाताचा.

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मी बोलेन याची ते वाट बघत होते. मला वाटतं, त्यांची खात्रीच होती. मी वहीत डोकं घातलं.

“कागदावर असंल ते बराबर हाये,” ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं: ‘सांधा क्र. ५ व ६. कारागिराची चूक.’

कौसाबाईंनी मग अट घातली. दोन्ही सांधे नवे मारून द्या, पण ह्या मिस्त्रीचा हात नको. यजमान हो म्हणाले. नांदेडहून दुसरा वेल्डर आणला, तो येईपर्यंत दोन टक्क्याचा सिलिंडर येऊन पडलेलाच होता, आणि अर्थातच त्याचे सांधे गंजले नाहीत. म्हणजे चूक हाताचीच होती, हे गावाला पुराव्यासह पटलं. घरी आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, आता उकरू नकोस. मला तेच ऐकायचं होतं.

त्यानंतर स्टीलचं काम घेऊन येणारी गिऱ्हाइकं एक प्रश्न विचारू लागली: मारणार कोण? मिस्त्रींना मी लोखंडाच्या ट्रॉल्यांवर बसवलं. त्यांनी दोन महिने ते केलं. मग एक दिवस हेल्मेट, हातमोजे आणि तारेचा ब्रश माझ्या टेबलावर आणून ठेवला, पूर्वेकडच्या सिलिंडरचा गेज गळतोय, तो बदलून घ्या म्हणाले, आणि निघाले. मी त्यांना थांबवलं. त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत, असं विचारलं. आजही मला कळत नाही, तो प्रश्न मी कोणत्या तोंडाने विचारला.

ते उभ्यानेच बोलले. “म्या खोटं म्हन्लो असतो तं तो एक कागद खोटा पडला असता, ताई. मंग बाकीचे? बारा वर्साचे कागद हायेत लोकायच्या घरात. समद्यावर माझं नाव हाये, अन् खाली तुमची सही. एक खोटा निघाला की कोन इस्वास ठेवतं बाकीच्यावर?” मग म्हणाले, “तुमची अडचन व्हती, मला ठावं हाये. पन पाच नंबरच्या पुढं माझं नाव लिवाया नव्हतं पायजे. नुसतं कोरं सोडलं असतं तरी चाललं असतं.”

ते दाराशी थांबून, वर्कशॉपला हात जोडून गेले.

गेल्या पावसाळ्यात पुसेगावहून जाताना त्यांचं दुकान दिसलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचा आडोसा, त्यावर पाटी: ‘येथे लोखंडी गेट, ग्रील व खिडक्या करून मिळतील.’ स्टीलचा उल्लेख नाही. ते कांडीच्या वेल्डिंगने एका गेटाचा कोपरा जोडत होते. कांडीला सिलिंडर लागत नाही. मी ड्रायव्हरला थांब म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुकान मागे गेलं. गाडी वळवता आली असती. रस्ता रुंद होता.

आता पुन्हा हळदीचा हंगाम आला आहे. परवा कौसाबाईंचा फोन आला. आवाजात जुनी ओळख, अगदी मोकळ्या बोलल्या. त्यांच्या माहेरी, साखऱ्याच्या बाजूला, बायकांच्या एका गटाला स्टीलचा ड्रम हवा आहे. “कागद बी तसाच पायजे बरं का, बाई. तुमच्या कागदावर आमचा भरोसा हाये. फकस्त एक सांगा, तो गंजवनारा मिस्त्री तं न्हाई ना आता तुमच्याकडं?”

मी म्हटलं, नाही, ते सोडून गेले.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

वाक्य म्हणून त्यात खोटं काही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी नवा तक्ता काढला आणि त्या ड्रमचा कागद पुन्हा लिहिला. सांधा क्रमांक पाच आणि सहा, गॅस वीस टक्के. कारण: दोन टक्क्याचा सिलिंडर मागवायचा राहिला. कोणामुळे राहिला: माझ्यामुळे. कोणी केला: पाईकराव, नको म्हणत असताना, माझ्या सांगण्यावरून. खाली सही केली. दोन प्रती काढल्या. एक पुसेगावला नेऊन मिस्त्रींच्या हातात द्यायची आहे. पण ती नंतर. आधी कौसाबाईंना फोन करायचा, दहाही जणींना शेडमध्ये बोलवायला सांगायचं आणि त्यांच्यासमोर उभं राहून तो कागद मी स्वतः वाचायचा, सुनेला वाचायला लावायचा नाही.

आज शनिवार. सकाळी दोनदा नंबर काढला, एकदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. कौसाबाईंना फोन करणे बाकी आहे.